थोमाच्या पाटीचं कारण

ऐक्य मंडळी फुटली तेव्हा तिचे दोन्ही गट एकाच आठवड्यात पेंटरताईकडे आले. एक सोमवारी, दुसरा गुरुवारी. दोघांनाही चर्चच्या दारावर लावायला पाटी हवी होती, आणि दोघांनाही तिच्यावर 'ऐक्य मंडळी' हेच नाव हवं होतं.

"अहो, पण ऐक्य त्यांचंही आणि तुमचंही, हे कसं काय?" ताईनं गुरुवारच्या पंचांना विचारलं.

"खरं ऐक्य आमचंच. ते आमच्यातून बाहेर पडले."

"सोमवारी तेही हेच म्हणत होते."

ताईनं दोन्ही पाट्या रंगवल्या. एकाच डब्यातला निळा, एकाच मापाची अक्षरं, एका सुताचा फरक नाही. नेऊन देताना दोन्हीकडे तिनं एकच निरोप ठेवला, "मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवलीय. पुन्हा एकत्र आलात तर दुसऱ्या कामाला येईल." या गोष्टीला चार वर्षं झाली. कोरी बाजू अजून कोरीच आहे.

शहरातल्या तेवीस चर्चवर ताईच्या हातची पाटी होती. शिंप्याला माणसं मापावरून आठवतात तशा तिला मंडळ्या नावांवरून आठवत. टायरच्या दुकानावरची खोली म्हणजे 'बेथेल'. त्यांची पहिली उपासना दगड फोडायच्या आवारात झाली होती. बसायला दगडांशिवाय काही नव्हतं, म्हणून दगडावर डोकं ठेवून झोपलेल्या आणि स्वर्गाची शिडी पाहिलेल्या याकोबाची जागा त्यांनी नावाला घेतली. नदीकाठची 'एबेनेझर'. पुरातून वाचलेल्या लोकांनी ती सुरू केली. इथवर देवानं सांभाळलं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. 'सर्व संत' वाल्यांनी तर सरळ सांगितलं होतं, "एक संत घेतला असता तर बाकीच्यांचे भक्त रुसले असते." आणि चौकातली 'पहिली मंडळी'. ताईनं विचारलं होतं, "दुसरी कुठाय?" तिथले म्हातारे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "अजून भांडण झालं नाही, ताई."

हे सगळं तिला ठाऊक असण्याचं कारण तिची सवय. 'हे नाव का?' असं विचारल्याशिवाय ती ब्रशला हात लावत नसे. गिऱ्हाईक वैतागे. "तुम्हाला काय करायचंय? अक्षरं मोजा आणि रंगवा." त्यावर ताई स्टूल पुढे सरकवी. "बसा. कारण कळल्याशिवाय अक्षराला वजन किती द्यायचं ते मला कळत नाही." आणि गिऱ्हाईक बसे. आधी आढेवेढे घेई, मग सांगायला लागलं की त्याला उठवावं लागे. आपल्या नावाचं कारण सांगताना माणसं ताठ बसतात, हे ताईनं तीस वर्षं पाहिलं होतं. ज्यांना कारण सांगता येत नसे त्यांना ती म्हणे, "घरी जा, एकमेकांना विचारा, मग या." दोन मंडळ्या अशा गेल्या त्या परत आल्याच नाहीत. समोर फ्लेक्सवाल्यानं दुकान टाकलं होतं, तिथे त्यांचं काम तासाभरात झालं. तेव्हा लोकांना वाटलं होतं की ताईचा बाजार उठला. पण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फिका पडतो, आणि देवाच्या दारावर फिकं नाव कुणाला आवडत नाही.

कला बाबांची. बाबा पेंटर होते, आणि अकराव्या वर्षापासून ती त्यांच्या अक्षरांच्या पोटात रंग भरत होती. ती एकोणीस वर्षांची झाली आणि बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून शिडीवर ती आणि शिडीच्या पायथ्याशी बाबा. खालून ते म्हणत, "डावीकडे जरा हवा सोड. अक्षराला श्वास घेता आला पाहिजे." लोक आधी तिला पेंटरची पोर म्हणत, बाबा गेल्यावर पेंटरताई म्हणायला लागले. तिचं लग्न झालं नाही. ते राहून गेलं आणि तिनंही त्याची फार चौकशी केली नाही. खाली कारखाना आणि वर दोन खोल्या. तिथे ती आणि तिची धाकटी बहीण राहत. बहीण शाळेत गणित शिकवी आणि घरी ताईच्या चुका काढी.

ताईची स्वतःची मंडळी म्हणजे संत थोमा. जुन्या गोदामाचं केलेलं लांबट देवघर, आणि दारावर पुरुषभर लांबीची सागवानी पाटी. तिच्यावर 'संत थोमा' ही अक्षरं बोटभर खोल कोरलेली, आणि खाली बाबांनी ब्रशनं लिहिलेला 'मंडळी' हा शब्द. दर सात वर्षांनी ताई त्या कोरलेल्या खाचा साफ करून नव्यानं रंग भरे. लहानपणी तिनं बाबांना विचारलं होतं, "थोमाच का?" बाबा म्हणाले होते, "तो विचारायला लाजला नाही म्हणून."

थोमा म्हणजे येशूच्या बारा शिष्यांतला तो, ज्यानं बाकीच्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला नकार दिला. प्रभू मेलेल्यांतून उठला असं दहा जण सांगत होते, आणि हा म्हणाला, मी हाताच्या खुणा बघेन, जखमेत बोट घालीन, मगच मान्य करीन. आठ दिवसांनी प्रभू त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, घाल बोट. त्याला हाकलून दिलं नाही.

या नावाला साजेशी एक रीत त्या मंडळीत होती. प्रवचन संपलं की पाळक वरून खाली उतरून लोकांच्या पातळीवर उभे राहत आणि ज्याला काही विचारायचं असेल तो बोट वर करी. दहा मिनिटं प्रश्नांची. पाहुण्या प्रवचनकारांना घाम फुटे. एकदा एका आजीनं विचारलं होतं, "योना माशाच्या पोटात तीन दिवस होता म्हणता, पण आत दिवस उजाडलेला त्याला दिसला कसा?" पाहुणे तो रविवार विसरले नाहीत.

बाबांच्या त्या एका वाक्याची ताईनं पुढे गोष्ट केली होती. नवीन कुणी मंडळीत आलं की ती सांगे: चौदा कुटुंबं या गोदामात पोत्यांवर बसली होती. नाव काय ठेवायचं यावर सकाळपासून चर्चा चालली होती. मग बाबा उठले आणि म्हणाले, आपण विचारणारे लोक आहोत, आपण थोमाचं नाव घेऊ. गोष्ट छान होती, आणि दर वर्षी तिच्यात एखादं पोतं वाढत होतं.

यंदा रस्ता रुंद होणार म्हणून गोदामाची पुढची भिंत दोन हात मागे घ्यावी लागली. पाटी उतरवली. उतरवताना लक्षात आलं की मागून ती वाळवीनं खाल्ली आहे. आता नवीच करायला हवी. काम अर्थातच ताईचं. ती माप घ्यायला निघणार, तेवढ्यात पाळक स्वतःच कारखान्यात आले.

पाळक तरुण होते, येऊन दोन वर्षं झालेली. सायकलवरून दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जात. माणूस मनानं सरळ, पण घाईचा. डब्यांमधून वाट काढत ते स्टुलावर बसले.

"ताई, पाटी नवी होतेच आहे, तर मी एक सुचवणार आहे. रागावू नका. नावही नवं घेऊ या. 'जिवंत आशा मंडळी'."

ताईनं ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि हळूहळू ढवळत राहिली. "का?"

"समोर इमारती झाल्यात. दोनशे कुटुंबं राहायला आलीत. परवा तिथली एक बाई मला दारात भेटली. म्हणाली, तुमच्या चर्चला संशय घेणाऱ्याचं नाव का? आणि ताई, मला उत्तर देता आलं नाही. मी पाळक, आणि मला आमच्या नावाचं कारण माहीत नाही. तुम्ही सगळ्या शहराला विचारता ना, हे नाव का? मग मला सांगा, आपलं का?"

"सांगते की." आणि ताईनं गोष्ट सांगितली. पोत्यांसकट.

पाळकांनी चष्मा पुसला. "हे खरं असेल तर मंडळीपुढे सांगा. रविवारी उपासनेनंतर सभा ठेवलीय. लोकांनी थोमा म्हटलं तर थोमा. पण नाव आशा ठरलं तर प्रश्नांची वेळही मी बुधवारी नेणार. चहा घेता घेता विचारा हवं ते. नवीन माणूस पहिल्यांदा येतो आणि बघतो काय, तर लोक पाळकाला धारेवर धरतायत."

"धारेवर?"

"थोडंसं धरता, ताई."

ताई हसली. पण नाव गेलं की बोट वर करणंही जाणार, हे तिला त्या क्षणी कळलं. बुधवारी दुपारी चहाला कोण येणार? ज्यांना वेळ आहे ते. ज्यांना प्रश्न आहेत त्यांना बहुधा वेळ नसतो.

"साक्षीदार आणते," ती म्हणाली. "त्या सभेला हजर असलेला एक माणूस अजून आहे."

तो माणूस म्हणजे सुतारकाका. बाबांचे मित्र, वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, कान आणि जीभ शाबूत. सुनेकडे राहत आणि गॅलरीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दारं-खिडक्यांची चौकशी करत. शुक्रवारी दुपारी ताई त्यांच्याकडे गेली.

"काका, रविवारी रिक्षा घेऊन येते. सभेत फक्त एवढं सांगायचं, की थोमा हे नाव कसं ठरलं."

"कसं ठरलं म्हणजे?"

"त्या दिवशी गोदामात. पोत्यांवर बसून. बाबा उभे राहिले ते."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं वाकड्या बसवलेल्या कडीकडे पाहावं. "पोरी, कसली पोती? गोदाम झाडून घेतलं होतं आम्ही. आणि नाव ठरलं कुठे? नाव पाटीबरोबर आलं."

"म्हणजे?"

"अगं, जागा वापरायला परवानगी हवी होती आणि परवानगीला दारावर नाव लागतं. शनिवार आला, नाव काही ठरेना. कुणाला सियोन हवं, कुणाला इम्मानुएल, कुणाला आपल्या सासऱ्याचं. तुझा बाप आणि मी भंगारवाल्याकडे फळी शोधायला गेलो. तिथे ही पाटी पडलेली. बंद पडलेल्या कुठल्याशा चर्चची. अस्सल सागवान! मी म्हटलं, रंधा मारून अक्षरं काढतो. बघतो तर अक्षरं बोटभर खोल. रंधा मारला असता तर हातात पापड राहिला असता." काका खदखदून हसले आणि हसता हसता खोकले. "तुझा बाप म्हणाला, राहू दे. आजपासून आपण थोमा. रविवारी दारावर लावली. चौदाच्या चौदा घरं म्हणाली, वा, छान."

ताईनं हातातला पाण्याचा पेला गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. "आणि प्रश्नांची वेळ? ती तरी आधीपासून होती ना?"

"छे! ती पाटीमुळे. थोमा कोण हे तुझ्या बापाला धड माहीत नव्हतं. शनिवारी घरी जाऊन त्यानं ती गोष्ट वाचली. रविवारी प्रवचन झाल्यावर उठला आणि म्हणाला, नाव थोमाचं लावलंय तर आपल्याला प्रश्न विचारायला पाहिजेत, नाहीतर लोक हसतील. आणि विचारला की एक. काय ते आता आठवत नाही. पाळक चिडले होते एवढं आठवतं."

"काका, चाळीस वर्षं मी लोकांना ती गोष्ट सांगतेय. तुमच्यासमोर सांगितलीय. एकदा तरी बोलायचं!"

"तू विचारलंस कधी? तू आपली येऊन सांगतच होतीस."

ताई उठली. सुनेनं चहा आणला होता तो तिनं घेतला नाही. काका मागून म्हणाले, "रिक्षा आणायची का नाही मग?" तोवर ती जिना उतरली होती.

घरी बहीण उत्तरपत्रिका तपासत बसली होती. ताईनं चप्पल कोपऱ्यात भिरकावली आणि सगळं सांगून टाकलं. बहिणीनं पेन खाली ठेवलं. ती हसेल असं ताईला वाटलं होतं. ती हसली नाही.

"मला ते नाव कधीच आवडलं नाही, तुला माहितीय," बहीण म्हणाली. "शाळेत पोरी विचारायच्या, आज कशावर विश्वास नाही तुझा? मी रविवारी आशेच्या बाजूनं हात वर करणार आहे. आधीच सांगून ठेवते."

"कर."

"पण एक सांगू? काका काही सभेला येत नाहीत. तू तुझी गोष्ट सांगितलीस तर कुणाला कळणार नाही. आणि तुझी बाजू जिंकेल. ती गोष्ट खोटी असली तरी चांगली आहे."

ताई खिडकीशी गेली. समोर फ्लेक्सवाल्याच्या दुकानात कुणाचं तरी नाव यंत्रातून सरसर बाहेर येत होतं. कापड बाहेर आलं, त्यानं कापलं, गुंडाळलं, दिलं. त्यानं कारण विचारलं नाही. तिला त्या दोन मंडळ्या आठवल्या, ज्यांना तिनं 'घरी जा, एकमेकांना विचारा' म्हणून परत पाठवलं होतं. आणि इथे तिच्याच मंडळीचं नाव भंगारातून उचललेलं. आज बाबांनी ते गिऱ्हाईक म्हणून आणलं असतं तर तिनं त्यांनाही परत पाठवलं असतं.

"बाबा मला खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. "तो विचारायला लाजला नाही म्हणून, एवढंच म्हणाले होते. पुढचं सगळं माझं."

"मग आता काय करणार?"

"तेच बघतेय." ती वळली. "तू गणिताची बाई. तू सांग, उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असेल तर तू गुण देतेस का?"

"रीत पुन्हा करून आणायला सांगते," बहीण म्हणाली, आणि पेपर पुढे ओढला.

शनिवारी ताईनं कारखाना उघडला नाही. ती मंडळीतल्या लोकांकडे गेली. मत मागायला गेली नाही. तिनं प्रत्येकाला एकच विचारलं, तुम्ही या दाराशी पहिल्यांदा आलात ते का? काही जणांनी सांगितलं, आईबाप यायचे म्हणून. काही म्हणाले, घराजवळ होतं म्हणून. एकानं सांगितलं, इथे पंखे चांगले आहेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत पाय दुखायला लागले होते, पण चेहरा शुक्रवारसारखा उतरलेला नव्हता. बहिणीनं तिच्याकडे पाहून नुसतं "हं" केलं.

रविवारी उपासना झाली, प्रश्नांची वेळ झाली, आणि कुणी उठून गेलं नाही. पाळकांनी सभेला सुरुवात केली. ताईची बहीण मंडळीची चिटणीस होती. ती वही घेऊन टेबलाशी बसली. पाळकांनी आशेची बाजू मांडली. मांडली ती चांगली. त्या समोरच्या इमारतीतल्या बाईबद्दल सांगितलं, उत्तर देता आलं नाही तेही लपवलं नाही. मागून एक लेथवर काम करणारे गृहस्थ उठले. "मी दारू सोडून इथे आलो," ते म्हणाले. "तेव्हा माझ्या डोक्यात संशयच संशय होता, आणखी नको होता. मला आशा हवी होती. दारावर तसं लिहिलेलं असतं तर वर्षभर आधी आत आलो असतो." लोकांनी माना डोलावल्या. ताईनंही डोलावली, कारण ते खरं होतं.

मग ती उठली.

"माझी गोष्ट तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे," ती म्हणाली. "चौदा कुटुंबं, पोती, माझे बाबा. ती खोटी आहे."

देवघरात चुळबुळ झाली. पाळकांनी मान वर केली.

"बाबांनी कधी सांगितली नव्हती. मीच रचली, आणि इतक्या वेळा सांगितली की मलाही खरी वाटायला लागली. खरं असं आहे, की नाव काही जमेना, आणि भंगारात सागवानी पाटी मिळाली. अक्षरं इतकी खोल होती की निघेनात. म्हणून आपण थोमा."

आधी पहिल्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू मागे मागे गेलं. लेथवाले गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे भंगारात सर्व संतांची पाटी असती तर आपण सर्व संत!"

"झालो असतो," ताई म्हणाली. तीही हसली, आणि हसू ओसरेपर्यंत थांबली. "हसा. मला मात्र शुक्रवारी रडू आलं होतं. पण पुढचं ऐका. थोमा कोण हे बाबांना माहीत नव्हतं. पाटी घरी आणली आणि मग त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी इथे उठून म्हणाले, हे नाव लावलंय तर आपल्याला विचारायला पाहिजे. या दाराआत पहिला प्रश्न पाटीमुळे विचारला गेला. तेव्हापासून दर रविवारी. नाव आम्ही निवडलं नाही, पण एकदा दारावर लागल्यावर त्याला जागायचं ठरवलं. मी शहरातल्या तेवीस मंडळ्यांना विचारलंय, हे नाव का? बहुतेकांचं कारण नावाच्या आधीचं आहे. आपलं नावाच्या नंतरचं आहे. आज तुम्ही ठरवाल तेच मी रंगवीन, मनापासून रंगवीन. पण ठरवताना खरी गोष्ट माहीत असावी, म्हणून उभी राहिले."

ती बसली. मग डाव्या बाजूनं एक बोट वर आलं. नर्सबाईंचं. दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात काम करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. काल ताई त्यांच्या दारात उभी होती तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जमलं तर उद्या सांगेन."

"माझी मुलगी गेली तेव्हा ती चार वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "त्यानंतर सहा वर्षं मी कुठल्याही चर्चची पायरी चढले नाही. समोरच्या स्टॉपवर बसची वाट बघायचे. ही पाटी रोज दिसायची. एक दिवस वाटलं, या संशय घेणाऱ्याकडे निदान बसता तरी येईल. आले. त्याच रविवारी बोट वर केलं आणि विचारलं, माझी मुलगी का गेली?" त्या जरा थांबल्या. "तेव्हाचे पाळक खाली उतरले, माझ्या शेजारी येऊन बसले, आणि म्हणाले, मला माहीत नाही. मला सगळ्यांनी काही ना काही कारण सांगितलं होतं. माहीत नाही म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. म्हणून मी राहिले." मग लेथवाल्या गृहस्थांकडे वळून त्या म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण तेव्हा दारावर 'आशा' लिहिलेलं असतं ना, तर मी पुढच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले असते."

लेथवाल्या गृहस्थांनी हात जोडले.

मग हात वर झाले. जास्त हात ते नाव, असं ठरलं होतं. बहिणीनं दोनदा मोजले. एकदा टेबलाकडून, एकदा दाराकडून. आशा एकोणचाळीस. थोमा सेहेचाळीस. लेथवाल्यांचा हात आशेसाठी वर होता, बहिणीचाही. ताईनं तो पाहिला.

पाळकांनी श्वास सोडला. मतांत ते पडले होते, पण चेहऱ्यावर पडल्यासारखं दिसत नव्हतं. ते वरून खाली उतरले, लोकांच्या पातळीवर आले, आणि त्यांनी स्वतःच बोट वर केलं. हशा पिकला.

"रविवारचे प्रश्न रविवारीच राहतील," ते म्हणाले. "माझा पहिला. ताई, ती समोरच्या इमारतीतली बाई पुन्हा भेटेल. तिला काय सांगू?"

"झालं तसं सांगा," ताई म्हणाली. "नाव आयतं मिळालं. मग आम्ही त्याच्यासारखं व्हायला लागलो. अजून पुरते झालो नाही. बघायचं असेल तर म्हणावं, ये."

"हसेल ती."

"हसली तर बरंच. हसणारा माणूस निदान थांबतो."

बहिणीनं वहीवर पेन टेकवलं आणि मान वर न करता विचारलं, "ठरावात नावाचं कारण लिहावं लागेल. काय लिहू? भंगार लिहू?"

"लिही. सागवान, बोटभर खोल अक्षरं, सगळं लिही. त्याच्याखाली नर्सबाई बोलल्या ते, त्यांच्याच शब्दांत. त्यांना विचारून."

नर्सबाईंनी मान हलवून होकार दिला. बहीण लिहायला लागली, आणि लिहिता लिहिता पुटपुटली, "मी हात तुझ्या बाजूनं केला नाही हं."

"दिसलं मला."

"आता घरी टोमणे मारशील."

"आज नाही. उद्यापासून."

लोक उठले, बाकं सरकली, दारं उघडली. बाहेर नवी भिंत अजून ओली होती आणि तिच्यावर अकराचं ऊन सरळ पडलं होतं. ताईनं पिशवीतून टेप काढली, एक टोक पाळकांच्या हातात दिलं आणि दुसरं धरून उलट्या पावलांनी मागे मागे चालत गेली. चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"नीट धरा, पाळकसाहेब. खाली येतोय तुमचा हात."

"असं?"

"अजून एक बोट वर. हां." तिनं डोळे बारीक करून आकडा वाचला आणि आत बहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. "सव्वासात फूट! जुन्यापेक्षा सव्वा फूट जास्त आहे. अक्षरं मोठी काढता येतील."